परग्रहावरील जीवसृष्टी : जयंत नारळीकरांचे कथाविश्व आणि पुराव्याचा प्रश्न

प्रस्तावना

एप्रिल २०२५ मध्ये केंब्रिज विद्यापीठातील निक्कू मधुसूदन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक निरीक्षण जाहीर केले. पृथ्वीपासून सुमारे १२४ प्रकाशवर्षे दूर असलेल्या के२-१८बी या ग्रहाच्या वातावरणात डायमिथाइल सल्फाइड या वायूच्या खुणा आढळल्या, असे त्यांचे म्हणणे होते. पृथ्वीवर हा वायू मुख्यतः समुद्रातील सूक्ष्म वनस्पतींपासून निर्माण होतो. त्यामुळे ‘परग्रहावर जीवसृष्टी’ अशा अर्थाच्या बातम्या जगभर झळकल्या. इतर अभ्यासकांनी तीच निरीक्षणे पुन्हा तपासली, तेव्हा अनेकांना हा पुरावा अपुरा वाटला. त्यानंतर सुमारे एका महिन्याने, २० मे २०२५ रोजी, जयंत विष्णु नारळीकर यांचे पुणे येथे निधन झाले.

या दोन घटनांचा परस्परांशी संबंध नाही. तथापि परग्रहावरील सजीवांविषयी मराठी वाचकाच्या मनात जी कल्पना रुजली आहे, ती घडविण्यात नारळीकरांच्या कथा-कादंबऱ्यांचा वाटा फार मोठा आहे. शिवाय पृथ्वीबाहेरील सजीवांचा प्रत्यक्ष शोध घेणाऱ्या एका भारतीय प्रयोगाचे ते प्रमुख अन्वेषकही होते. एकाच व्यक्तीने एकाच प्रश्नाला कथाकार आणि वैज्ञानिक अशा दोन नात्यांनी हात घातल्याचे उदाहरण मराठीत दुसरे दाखविणे कठीण आहे. मराठी समीक्षेने या दोन नात्यांचा एकत्र विचार अभावानेच केला. विज्ञानकथेतील विज्ञान अचूक आहे काय आणि ती कथा म्हणून कलात्मक आहे काय, या दोन प्रश्नांभोवतीच बहुतेक चर्चा फिरत राहिली. ही कथा पुरावा कशाला मानते, हा तिसरा प्रश्न बाजूलाच राहिला. या तिसऱ्या प्रश्नाच्या कसोटीवर नारळीकरांच्या साहित्याचा विचार करणे आणि त्यासाठी बारामती-इंदापूर परिसरातील परिचित दाखल्यांचा आधार घेणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

‘जीवसृष्टी’ या शब्दाची अडचण

विचाराची सुरुवात शब्दापासून करणे आवश्यक आहे. मराठीत या विषयासाठी ‘जीवसृष्टी’ हा शब्द रूढ आहे. या शब्दातील ‘सृष्टी’ हे पद व्यापक आहे. ते उच्चारताच अरण्ये, पशुपक्षी, जलचर असा संपूर्ण पसारा डोळ्यांसमोर उभा राहतो. वैज्ञानिक ज्याचा शोध घेत आहेत ते मात्र बहुधा एखाद्या सूक्ष्मजीवाचे अस्तित्व, किंवा त्याहूनही कमी, म्हणजे त्याने कधीकाळी मागे ठेवलेली रासायनिक खूण असते. ‘मंगळावर जीवसृष्टीची शक्यता’ हे वाक्य वाचणाऱ्याला जे दिसते आणि ते लिहिणाऱ्या संशोधकाला जे अभिप्रेत असते, त्यांत मोठे अंतर पडते.

दुसरी अडचण ‘वास्तव्ययोग्य’ आणि ‘वास्तव्य असलेला’ या दोन कल्पनांच्या सरमिसळीची आहे. हा भेद स्पष्ट करणारा एक समर्पक शब्द महाराष्ट्राच्या महसुली दप्तरात पूर्वीपासून आहे. ज्या गावाला नाव आहे, शिव आहे, जमिनीची मोजणी आहे, परंतु जेथे कोणी राहत नाही, त्या गावाची नोंद ‘बेचिराख’ अशी केली जाते. बेचिराख म्हणजे दिवा नसलेले. अशा गावात विहीर असू शकते, सुपीक जमीन असू शकते. केवळ त्यावरून तेथे दिवा लागतो असे कोणताही तलाठी लिहीत नाही.

ग्रहविज्ञानाला नेमकी हीच शिस्त पाळावी लागते. पर्सिव्हिअरन्स हे यान १८ फेब्रुवारी २०२१ रोजी मंगळावरील जेझेरो विवरात उतरले. तेथे प्राचीन नदीचा त्रिभुज प्रदेश आहे, गाळाचे खडक आहेत; म्हणजे गावाची शिव आणि विहीर सापडली आहे. जुलै २०२४ मध्ये ‘चेयावा फॉल्स’ असे नाव दिलेल्या खडकात लोह, फॉस्फरस आणि गंधक यांची विशिष्ट रचना असलेले ठिपके आढळले. त्यांवरील शोधनिबंध सप्टेंबर २०२५ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात ‘संभाव्य जैविक खूण’ एवढाच दावा होता. पृथ्वीवर अशी खनिजे अनेकदा सूक्ष्मजीवांच्या क्रियेने तयार होतात, पण जीवांवाचूनही ती तयार होऊ शकतात. गाव वसलेले होते की बेचिराख, या रकान्यात अद्याप नोंद झालेली नाही.

चंद्रांच्या बाबतीत अडचण आणखी वेगळी आहे. गुरूच्या युरोपा या चंद्राच्या हिमकवचाखाली खारट पाण्याचा महासागर असावा, हे अनुमान मुख्यतः गॅलिलिओ यानाच्या चुंबकीय मोजमापांवरून निघाले. शनीच्या एन्सेलाडस या चंद्रावरून उडणारे पाण्याचे फवारे कॅसिनी यानाने २००५ मध्ये टिपले. त्या फवाऱ्यांत हायड्रोजन असल्याचे २०१७ मध्ये आणि फवाऱ्यांतून निघालेल्या बर्फकणांत फॉस्फेट असल्याचे २०२३ मध्ये जाहीर झाले. इंदापूर तालुक्यातील पळसदेवचे पळसनाथाचे मंदिर उजनी जलाशयाच्या पाण्याखाली असते आणि पाणी बरेच ओसरले की पुन्हा दिसू लागते. मंदिर दिसत नाही म्हणून ते नाही असे कोणी म्हणत नाही. कारण ते पाण्याखाली जाण्यापूर्वी पाहिल्याची साक्ष आहे. युरोपाच्या महासागराबाबत अशी पूर्वसाक्ष देणारा कोणीही नाही. झाकलेले परंतु ठाऊक असलेले आणि झाकलेले व ठाऊक नसलेले या दोन गोष्टी एक नव्हेत. ‘पाणी आहे, म्हणजे जीव असणारच’ हा युक्तिवाद या दोहोंतील भेद पुसून टाकतो.

नावांतून येणारा पाहुणा

या पार्श्वभूमीवर नारळीकरांच्या साहित्याकडे वळता येते. त्यांच्या कथालेखनाचा आरंभ सर्वश्रुत आहे. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेसाठी त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने पाठविली. स्वतःच्या नावाची आद्याक्षरे उलटी करून त्यांनी हे टोपणनाव घेतले होते. कथेला प्रथम पारितोषिक मिळाले. १९७५ च्या कऱ्हाड येथील साहित्य संमेलनाच्या अध्यक्षा दुर्गा भागवत यांनी या नव्या प्रवाहाची आवर्जून दखल घेतली. पुढे ‘यक्षांची देणगी’ हा कथासंग्रह १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि मराठी विज्ञानकथेला प्रतिष्ठा लाभली.

त्यांच्या पुस्तकांच्या शीर्षकांकडे एकत्रितपणे पाहिल्यास एक गोष्ट लक्षात येते. ‘यक्षांची देणगी’, ‘प्रेषित’, ‘अंतराळातील भस्मासुर’, ‘वामन परत न आला’. अनोळखी गोष्टीला ओळखीचे नाव देण्याची ही पद्धती आहे. ज्या वाचकाला आकाशगंगा, सापेक्षता, कृष्णविवर हे शब्दच नवे होते, त्याला पुराणकथेच्या उंबरठ्यावरून आत नेण्याचा हा मार्ग होता आणि तो यशस्वी ठरला, हे निर्विवाद आहे. परंतु प्रत्येक नाव आपल्याबरोबर एक गृहीतक घेऊन येते. यक्ष देणगी देतो. प्रेषिताला कोणीतरी पाठविलेले असते. भस्मासुराला वर मिळालेला असतो. वामन काही मागण्यासाठी येतो. या सर्व नावांत हेतू आहे. येणारा कोणी ना कोणी पाहुणा आहे, याचक आहे किंवा शत्रू आहे. आणि त्याचे आपल्याशी काही काम आहे.

या नामकरणामुळे वाचकाची अपेक्षा विशिष्ट दिशेने घडली. बाहेर कोणी आहे काय, या प्रश्नाची जागा जो आहे तो आपल्याशी कसा वागेल, या प्रश्नाने घेतली. अस्तित्वाचा प्रश्न सुटलेलाच आहे असे समजून नात्याचा प्रश्न सुरू झाला. कथेच्या सोयीसाठी हे आवश्यक असते, हे मान्य करावे लागेल. नारळीकरांचे केंब्रिजमधील मार्गदर्शक फ्रेड हॉयल यांच्या १९५७ च्या ‘द ब्लॅक क्लाउड’ या कादंबरीतही सूर्यमालेत आलेला मेघ अखेरीस बुद्धिमान ठरतो. बुद्धिमान पाहुण्याशी संवाद होऊ शकतो, संघर्ष होऊ शकतो. जीवाणूशी यांपैकी काहीच होऊ शकत नाही. तथापि परंपरेची गरज म्हणून एखादी गोष्ट समजून घेणे आणि तिची किंमत न मोजणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मराठी वाचकाला परग्रहवासी भेटला, परंतु त्याच्या अस्तित्वाचा पुरावा कसा तपासावा याचे शिक्षण त्या भेटीतून फारसे मिळाले नाही.

एकेचाळीस किलोमीटरवरील प्रयोग

कथेच्या बाहेर नारळीकरांनी या प्रश्नाला दिलेले उत्तर वेगळ्या जातीचे आहे. अंतराळातून सूक्ष्मजीव पृथ्वीवर येत असावेत, असे गृहीतक फ्रेड हॉयल आणि चंद्रा विक्रमसिंघे यांनी मांडले होते. त्याची परीक्षा घेण्यासाठी वातावरणाच्या अशा उंचीवरील हवा गोळा करणे आवश्यक होते, की जेथे जमिनीवरील जीवाणू सहजासहजी पोहोचणार नाहीत. हैदराबाद येथील टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या बलून केंद्रातून जानेवारी २००१ मध्ये पहिले आणि २० एप्रिल २००५ रोजी दुसरे उड्डाण झाले. दुसऱ्या उड्डाणातील बलूनचे आकारमान २ कोटी ६७ लाख घनफूट होते. त्याने द्रवरूप निऑनसह ४५९ किलोग्रॅमचा भार वाहून नेला. निर्जंतुक केलेल्या आणि हवा काढून टाकलेल्या पोलादी नळकांड्यांत २० ते ४१ किलोमीटर उंचीवरील हवेचे नमुने गोळा करण्यात आले. त्यांची तपासणी हैदराबादच्या कोशिकीय व आण्विक जीवविज्ञान केंद्रात आणि पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात स्वतंत्रपणे झाली.

भारतीय अंतराळ संशोधन संघटनेने मार्च २००९ मध्ये निष्कर्ष जाहीर केले. जीवाणूंच्या १२ आणि बुरशीच्या ६ वसाहती वाढविता आल्या होत्या. त्यांत जीवाणूंच्या तीन नव्या प्रजाती होत्या आणि आपल्या जवळच्या ज्ञात प्रजातींपेक्षा त्या अतिनील किरणांना अधिक प्रतिकार करीत होत्या. हे जीवाणू पृथ्वीबाहेरूनच आले असे या अभ्यासाने निर्णायकरीत्या सिद्ध होत नाही, हेही त्याच निवेदनात नमूद होते.

या कबुलीचे मूल्य समजण्यासाठी प्रयोगामागील ओढ ध्यानात घ्यावी लागते. नारळीकर हे हॉयल यांचे शिष्य होते आणि परीक्षा हॉयल यांच्याच गृहीतकाची होती. निष्कर्ष अनुकूल यावा अशी इच्छा असण्यास पुरेसे कारण होते. ही इच्छा प्रजातींच्या नावांत उतरलीही : जॅनिबॅक्टर हॉयलाय, बॅसिलस इस्रोनेन्सिस, बॅसिलस आर्यभट्टाय. एक नाव गुरूचे, एक संस्थेचे, एक प्राचीन गणितज्ञाचे. कथांच्या शीर्षकांत दिसणारी परिचित नाव देण्याची प्रवृत्ती येथेही दिसते. फरक एवढाच की येथे नावाने निष्कर्षाचे काम केले नाही. नाव हॉयल यांचे पडले, तरी सिद्धान्त हॉयल यांचा ठरला नाही.

हीच शिस्त त्याच सुमारास झालेल्या दुसऱ्या एका चाचणीतही आढळते. नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी २००८ मध्ये महाराष्ट्रात फलज्योतिषाची चाचणी घेतली. हुशार मुले आणि मतिमंद मुले यांच्या जन्मकुंडल्या नावांशिवाय, केवळ क्रमांक देऊन ज्योतिषांना पाठविण्यात आल्या. २७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० कुंडल्यांवर दिलेल्या उत्तरांत अचूकतेचे सरासरी प्रमाण ४६ टक्के होते. नाणेफेकीनेही याहून वाईट उत्तर आले नसते. १९७४ मध्ये स्वतःचे नाव लपवून कथा पाठविणारा लेखक आणि २००८ मध्ये मुलांची नावे लपवून कुंडल्या पाठविणारा वैज्ञानिक यांच्यात एक सूत्र आहे : निर्णय नावावर न होता समोरच्या मजकुरावर व्हावा. हे सूत्र त्यांच्या कथांच्या शीर्षकांनी घडविलेल्या अपेक्षेच्या नेमके विरुद्ध जाते, कारण तेथे नाव पुराव्याच्या आधी येते.

काळ्या मातीतील साक्ष

बॅसिलस आर्यभट्टाय या जीवाणूची पुढील कथा अधिक उद्बोधक आहे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात मध्य भारतातील काळ्या जमिनीत, पिकांच्या मुळांभोवतीच्या मातीतून मिळालेल्या याच प्रजातीच्या जीवाणूंचा अभ्यास आला. मातीतील जस्त विरघळवून ते सोयाबीन आणि गहू या पिकांना उपलब्ध करून देण्याची क्षमता त्यांच्यात दिसली. स्थितांबरातून ज्याचा प्रथम परिचय झाला तो जीवाणू शेतातल्या मातीत मुक्कामाला असलेला निघाला. बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील काळी जमीनही त्याच दख्खनी बेसॉल्टच्या झिजेतून तयार झालेली आहे.

यावरून जीवाणू मातीतून आकाशात गेला हे सिद्ध होते काय? काटेकोर अर्थाने नाही. तो आकाशातून मातीत आला, असेही कोणी म्हणू शकेल. परंतु पुराव्याचा भार कोणावर, हा प्रश्न येथे महत्त्वाचा ठरतो. मातीत जीव असतो हे ज्ञात आहे. अंतराळात जीव असतो हे ज्ञात नाही. ज्ञात कारणाने गोष्ट समजत असेल तर अज्ञात कारणाकडे जाण्यासाठी अधिक भक्कम पुरावा लागतो. ४१ किलोमीटर उंचीपर्यंत जीवाणू कोणत्या मार्गाने चढले हे समाधानकारकरीत्या सांगता येत नाही, ही अडचण खरी आहे. पण आपल्याला उत्तर देता येत नाही एवढ्यावरून प्रतिपक्षाचे उत्तर खरे ठरत नाही.

या परिसरातील आणखी एक दाखला पुराव्याचे स्वरूप स्पष्ट करतो. नीरा डावा कालवा १८८५ मध्ये सुरू झाला. त्याने दुष्काळी पट्ट्यात पाणी आणले आणि कालांतराने, निचऱ्याअभावी, अनेक ठिकाणी जमिनी क्षारपड व चोपणही केल्या. सी. सी. इंग्लिस आणि व्ही. के. गोखले यांनी १९२० च्या दशकात बारामतीच्या प्रायोगिक क्षेत्रात जमीन सुधारणा आणि निचरा यांचा अभ्यास केला होता. अवर्षण, क्षारता यांसारख्या ताणांचा अभ्यास करणारी राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था २००९ मध्ये, म्हणजे बलून प्रयोगाचे निष्कर्ष जाहीर झाले त्याच वर्षी, बारामतीजवळ माळेगाव येथे स्थापन झाली. क्षारपड रानावर उन्हाळ्यात जो पांढरा थर फुलतो तो एक गोष्ट निश्चित सांगतो : येथे पाणी होते आणि ते वाफ होऊन गेले. त्या रानात गेल्या हंगामात ऊस होता की ते पडीक होते, हे तो थर सांगत नाही.

बेन्नू या लघुग्रहावरील नमुने सप्टेंबर २०२३ मध्ये पृथ्वीवर आले. जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांत खारे पाणी आटल्यानंतर मागे राहणारे क्षार आढळले. सोडियम कार्बोनेटयुक्त खनिजे आणि साधे मीठही त्यांत होते. सजीवांच्या प्रथिनांतील २० पैकी १४ अमिनो आम्ले आणि आनुवंशिक द्रव्यातील पाचही नत्रयुक्त घटक त्यांत मिळाले. सजीवांना लागणारी सामग्री होती, खारट पाणी होते. जीव मात्र आढळला नाही. नीरा खोऱ्यातील शेतकरी पांढऱ्या थराचा जो अर्थ लावतो, तेवढाच अर्थ बेन्नूच्या क्षारांचा लावता येतो.

डावे-उजवे आणि पुनरुत्पादन

या निकषाने नारळीकरांचे साहित्य पुन्हा वाचले असता एक अनपेक्षित गोष्ट हाती येते. परग्रहावरील सजीवांच्या प्रश्नाला खऱ्या अर्थाने भिडणाऱ्या त्यांच्या दोन कृती अशा आहेत, की ज्यांत अन्य ग्रहावरून येणारा पाहुणा केंद्रस्थानी नाही.

पहिली ‘उजव्या सोंडेचा गणपती’ ही कथा. अवकाशाच्या पिळामुळे माणूस आणि मूर्ती यांची डावी-उजवी बाजू आरशातील प्रतिबिंबाप्रमाणे पालटते, ही या कथेची मध्यवर्ती कल्पना. बारामती तालुक्यातील मोरगावच्या मयूरेश्वराची सोंड डावीकडे, तर भीमेकाठच्या सिद्धटेकच्या सिद्धिविनायकाची उजवीकडे वळलेली आहे. म्हणून सोंडेच्या दिशेला असलेले महत्त्व या परिसरातील वाचकाला समजावून सांगावे लागत नाही. नारळीकरांनी श्रद्धेच्या क्षेत्रातील हा भेद भूमितीच्या क्षेत्रात नेला. कथेत सोंड हा चमत्कार न राहता साक्षीपुरावा होतो. कोणी तरी उलटले आहे याची तपासता येणारी खूण होतो.

सजीवांच्या शोधात हीच खूण महत्त्वाची आहे. अमिनो आम्लांचे रेणू डावे आणि उजवे अशा दोन रूपांत असू शकतात. प्रयोगशाळेत साध्या रासायनिक क्रियेने ते तयार केले तर दोन्ही रूपे सामान्यतः सारख्या प्रमाणात मिळतात. पृथ्वीवरील सजीवांची प्रथिने मात्र जवळजवळ पूर्णपणे डाव्या रूपाच्या आम्लांची बनलेली असतात. म्हणून परक्या नमुन्यात एका बाजूचा मोठा पक्षपात आढळला तर तो सजीवांकडे बोट दाखवील. बेन्नूच्या नमुन्यांत दोन्ही रूपे जवळपास समसमान आढळली. १९६९ मध्ये ऑस्ट्रेलियात पडलेल्या मर्चिसन उल्केतील काही अमिनो आम्लांत डाव्या रूपाचे आधिक्य आढळले होते. म्हणून ही खूणही एकटी पुरेशी नाही. परंतु ही चर्चा समजण्यासाठी जी कल्पनाशक्ती लागते, ती मराठी वाचकाला ‘उजव्या सोंडेचा गणपती’ या कथेने आधीच दिलेली आहे. यक्ष आणि प्रेषित यांनी ती दिलेली नाही.

दुसरी कृती ‘वामन परत न आला’. प्राचीन काळी लोप पावलेल्या एका प्रगत संस्कृतीने मागे ठेवलेल्या ज्ञानाच्या आधारे घडविलेला वामन हा यंत्रमानव आहे. त्याला स्वतःसारखे इतर घडविण्याची आकांक्षा आहे आणि कादंबरीतील संकट या आकांक्षेतूनच उभे राहते. सजीवाची जी व्याख्या अंतराळ-जीवशास्त्रात बरीच प्रचलित आहे तीनुसार सजीव म्हणजे स्वतःला टिकवून धरणारी आणि उत्क्रांत होऊ शकणारी रासायनिक व्यवस्था. वामन रासायनिक नाही. तरीही स्वतःची प्रतिकृती निर्माण करू पाहणाऱ्या वस्तूला निर्जीव म्हणावे काय, हा प्रश्न कादंबरी वाचकापुढे ठेवते. परग्रहावर काय शोधायचे हे ठरविण्यासाठी सजीव कशाला म्हणायचे हे आधी ठरवावे लागते. ‘वामन परत न आला’ ही कादंबरी त्या आधीच्या प्रश्नाशी येऊन थांबते, हे तिचे बळ आहे.

एक आक्षेप

यावर असा आक्षेप घेता येईल, की ललित साहित्याकडून प्रयोगशाळेच्या अहवालाची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. कथेला नाट्य हवे. ‘सिद्ध झाले नाही’ या वाक्यावर कथा उभी राहत नाही. शिवाय नारळीकरांच्या कथा वाचून अनेक विद्यार्थी विज्ञानाकडे वळले, हे ऋण लहान नाही.

ऋणाचा भाग निःसंशय मान्य करावयास हवा. मात्र ‘सिद्ध झाले नाही’ या वाक्यावर कथा उभी राहत नाही, हे विधान तपासून पाहण्यासारखे आहे. गुरूच्या गृहीतकासाठी शिष्याने ४१ किलोमीटर उंचीवर नळकांडी पाठवावी, त्यांत जीव सापडावा, त्याला गुरूचे नाव द्यावे आणि तरीही हा जीव गुरूचा सिद्धान्त सिद्ध करीत नाही अशी जाहीर नोंद व्हावी, यात नाट्य नाही असे कोण म्हणेल? ही घटना कोणत्याही यक्षकथेपेक्षा कमी नाट्यमय नाही. मराठी विज्ञानकथेने ती आपल्या विषयांत घेतली नाही आणि समीक्षेनेही तिची मागणी केली नाही. या उणिवेचा दोष एकट्या नारळीकरांवर टाकता येत नाही. तो त्यांच्या साहित्याकडे केवळ ‘विज्ञानाचा प्रसार’ म्हणून पाहणाऱ्या समीक्षादृष्टीचाही आहे. प्रसार निष्कर्षांचा होतो. संशयाचा प्रसार करावयाचा तर त्यासाठी वेगळा आकृतिबंध शोधावा लागतो.

समारोप

वरील विवेचनातून तीन गोष्टी पुढे येतात. पहिली, ‘जीवसृष्टी’ हा एकच शब्द सूक्ष्मजीव, जैविक खूण आणि प्रगत संस्कृती या तिन्ही अर्थांनी वापरल्यामुळे मराठीतील चर्चा संदिग्ध होते. अध्यापनात तरी हे अर्थ वेगळे ठेवले पाहिजेत. दुसरी, नारळीकरांच्या शीर्षकांनी घडविलेली हेतुपूर्ण पाहुण्याची प्रतिमा आणि त्यांच्या प्रयोगाने पाळलेली पुराव्याची शिस्त यांच्यात अंतर आहे आणि ते झाकून ठेवल्याने त्यांचा गौरव वाढत नाही. तिसरी, हे अंतर कमी करणाऱ्या कृती त्यांच्याच साहित्यात आहेत, फक्त त्या परग्रहवासीयांच्या कथा म्हणून वाचल्या गेल्या नाहीत.

यातून महाविद्यालयीन अध्यापनासाठी एक शक्यता निर्माण होते. ‘उजव्या सोंडेचा गणपती’ ही कथा मराठीच्या वर्गात आणि अमिनो आम्लांची डावी-उजवी रूपे रसायनशास्त्राच्या वर्गात शिकविली जातात. ही दोन्ही दालने एकमेकांना ठाऊक नसतात. बारामती किंवा इंदापूरच्या विद्यार्थ्याला परग्रहावरील सजीवांचा प्रश्न समजून घेण्यासाठी मंगळावर जावे लागत नाही. कालव्याखालच्या चोपण रानातील माती निर्जंतुक बाटलीत घ्यावी, शेजारी एक रिकामी बाटली तशीच उघडून तशीच बंद करून ठेवावी आणि दोन्हींतून काय वाढते ते पाहावे. रिकाम्या बाटलीतही काही वाढले, तर पहिल्या बाटलीविषयी बोलण्याचा अधिकार राहत नाही. के२-१८बी असो, जेझेरो विवर असो वा स्थितांबरातील हवा असो, अडचण प्रत्येक ठिकाणी याच रिकाम्या बाटलीची आहे. हे ज्याला समजले, तो पुढच्या वेळी ‘जीवसृष्टी सापडली’ अशी बातमी वाचताना प्रथम त्या बाटलीविषयी विचारील. आणि नारळीकरांच्या दोन्ही प्रकारच्या कार्याचा वारसा त्या विचारण्यात असेल.